सोलर इन्व्हर्टर भर दुपारी बंद पडतो? व्होल्टेजच्या नोंदीपासून महावितरणच्या तक्रारीपर्यंत

फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश स्वच्छ असतं, पॅनेल फार तापलेले नसतात आणि घराघरांतले एसी अजून सुरू झालेले नसतात. सोलरसाठी याहून चांगले दिवस नाहीत. नेमक्या याच दिवसांत दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान गच्चीवरचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र) थांबतो, मिनिटभराने परत चालू होतो, परत थांबतो. व्हेंडरला फोन केला की उत्तर येतं, ‘ग्रिडचा (महावितरणच्या वीजजाळ्याचा) प्रॉब्लेम आहे, महावितरणला सांगा.’ महावितरणचा माणूस येतो, मीटरवर आकडा बघतो आणि म्हणतो, ‘आमचं व्होल्टेज ठीक आहे, इन्व्हर्टर तपासून घ्या.’

बहुतेक वेळा दोघंही खरं सांगत असतात, फक्त वेगवेगळ्या जागचं. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि मीटरवरचं व्होल्टेज एक नसतं. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर आपली, मीटरपासून रोहित्रापर्यंतची (ट्रान्सफॉर्मरपर्यंतची) महावितरणची. कोणत्या वायरीत किती व्होल्ट वाढतात हे आकड्यांनी दाखवता आलं, तर तक्रार पुढे सरकते. नुसता ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला तर ती तिथेच अडकते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मोजणीला दिली आहे.

आधी आकडे

सिंगल फेजचं व्होल्टेज आपण २३० धरतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे लघुदाब ग्राहकाच्या पुरवठ्याच्या जागी व्होल्टेज घोषित दाबाच्या, म्हणजे ठरवून जाहीर केलेल्या व्होल्टेजच्या, ६ टक्के वर-खाली चालतं. २३० वर हिशेब केला तर साधारण २१६ ते २४४.

इन्व्हर्टरची मर्यादा वेगळी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत ग्रिडपासून सुटायला हवं. म्हणजे वर २५३ आणि खाली १८४. सुटल्यावर व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी किमान ६० सेकंद मर्यादेत राहिल्याशिवाय त्याने परत जोडून घ्यायचं नाही. ॲपमधला पॉवरचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो तो यामुळे.

यात एक गोम आहे. जुना हिशेब २४० व्होल्टचा होता, आणि काही अभियंते अजून त्यावरच ६ टक्के लावून २५४ पर्यंत ‘ठीक आहे’ म्हणतात. त्या हिशेबाने पुरवठा मर्यादेत असतानाही इन्व्हर्टर बंद पडू शकतो. म्हणून तक्रारीत ‘व्होल्टेज ६ टक्क्यांहून जास्त आहे’ असं मोघम लिहू नका. थेट व्होल्ट लिहा, आणि आपल्या जोडणीसाठी घोषित दाब किती धरला आहे हे लेखी विचारा.

दुसरी गोष्ट रोहित्राची. वितरण रोहित्राची लघुदाब बाजू ४३३ व्होल्टची असते, म्हणजे लोड नसताना फेजमागे २५०. लोड आला की वायरीत व्होल्ट पडत पडत तुमच्यापर्यंत २३०-२३५ येतात, अशी ही रचना आहे. भर दुपारी फ्लॅट रिकामे असतात, वापर कमी असतो आणि वर गच्च्यांवरून वीज उलटी येत असते. मग ते २५० खाली उतरतच नाहीत. रोहित्राजवळच्या इमारतींनाही हा त्रास होऊ शकतो तो यामुळेच.

मॉनिटरिंग नीट लावून घ्या

पहिली गोष्ट लॉगिनची. बरेच व्हेंडर प्लांट स्वतःच्या खात्यात नोंदवतात आणि सोसायटीला नुसतं बघण्यापुरतं ॲप देतात. मालक म्हणून स्वतःचं खातं मागून घ्या, सोसायटीच्या ईमेलवर, सेक्रेटरीच्या खासगी नंबरवर नव्हे. सोलिसक्लाउड, शाइनफोन, आयसोलारक्लाउड, फ्यूजनसोलर यांपैकी जे कोणतं असेल त्यात प्रत्येक फेजचं एसी व्होल्टेज, पॉवर आणि अलार्मची यादी दिसते. ती दिसत नसेल तर तुमच्या खात्याला परवानगी दिलेली नाही असं समजा.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. गच्चीवरच्या लिफ्ट रूमपर्यंत कुठल्याही फ्लॅटचा वायफाय नीट पोहोचत नाही, आणि ज्याचा पोहोचतो तो भाडेकरू वर्षभराने बदलतो. सोसायटीसाठी सिमकार्डचा डाँगल (इन्व्हर्टरला इंटरनेटशी जोडणारं छोटं यंत्र) घेतलेला बरा. वायफायच वापरायचा असेल तर बहुतेक डाँगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हे राउटर लावताना लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. अनेक इन्व्हर्टर चीनच्या वेळेवर सेट होऊन येतात. ती आपल्या वेळेच्या अडीच तास पुढे. दुपारी साडेबाराला बंद पडलेला इन्व्हर्टर ॲपमध्ये तीनला बंद पडलेला दिसतो. मग महावितरणने स्वतःच्या मीटरचा डेटा काढला की तुमची एकही नोंद त्याच्याशी जुळत नाही. ॲपमधला टाइम झोन आणि इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचं घड्याळ, दोन्ही तपासा.

आलेखात काय बघायचं

एकाच दिवसाचे पॉवर आणि तिन्ही फेजचे व्होल्टेज असे आलेख एकावर एक लावा. ढग नसताना पॉवर अचानक शून्यावर येते, त्याआधी एखादा फेज २५० च्या वर चढलेला दिसतो आणि अलार्मच्या यादीत ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, ‘एसी व्ही आउटरेंज’ किंवा ‘ओव्ही-जी-व्ही’ असं काही लिहिलेलं असतं. हे सरळ ट्रिपिंग आहे, म्हणजे जास्त व्होल्टेजमुळे इन्व्हर्टरचं ग्रिडपासून सुटणं.

ॲप पाच मिनिटांतून एकदा आकडा घेत असेल तर आलेखात २५३ बहुधा दिसणार नाही. ट्रिप होतं ते दोन सेकंदांत. आलेखात २५१ आणि अलार्मच्या यादीत ओव्हरव्होल्टेज असं दिसलं तर त्यात विसंगती नाही. दोन्ही कागद जोडा.

काही नव्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॅट सुविधा चालू असते. तो बंद न पडता पॉवर कमी करतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारचा आलेख वरून सपाट झालेला दिसतो. पण पॅनेल जास्त आणि इन्व्हर्टर लहान असला तरीही आलेख सपाटच होतो. फरक ओळखणं सोपं आहे. २० किलोवॅटचा इन्व्हर्टर बरोबर २० वर सपाट होत असेल तर तो त्याच्या क्षमतेला लागला. तो १३-१४ वरच अडला आहे आणि व्होल्टेज २५० च्या आसपास चिकटून आहे, तर पॉवर व्होल्टेजमुळे कापली जाते आहे.

तक्रारीतून काय वगळायचं हेही इथेच ठरवा. ‘नो ग्रिड’ म्हणजे लाइट गेली होती, तेव्हा इन्व्हर्टरने बंदच व्हायला हवं. मेट्रोच्या नाहीतर इमारतीच्या बांधकामाची धूळ बसून उत्पादन घटलं असेल तर व्होल्टेज नेहमीसारखंच राहतं. आणि सोसायटीचा जनरेटर चालू असतानाच्या वेळा आवर्जून काढून टाका. काही ठिकाणी इन्व्हर्टर जनरेटरच्या बसबारवर (जोडणीच्या धातूच्या पट्टीवर) जोडलेला असतो, आणि तेव्हाचं वेडंवाकडं व्होल्टेज जनरेटरचं असतं, ग्रिडचं नव्हे. तुमच्याकडे अशी जोडणी असेल आणि मध्ये कंट्रोलर नसेल, तर ते प्रकरण वेगळं आणि जास्त तातडीचं आहे. सोलरची वीज जनरेटरमध्ये उलटी जाऊ शकते.

मोजणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गच्चीवरच्या डीसी वायरींमध्ये शेकडो व्होल्ट असतात. कमिटीतल्या कुणीही तिथे मल्टिमीटर घेऊन हात घालू नये.

दोन माणसं लागतात. एक गच्चीवर इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलपाशी, दुसरा मीटर रूममध्ये. फोन चालू ठेवून एकाच क्षणी दोन्हीकडचे आकडे घ्यायचे, आर, वाय आणि बी तिन्ही फेजचे. व्होल्टेज मिनिटामिनिटाला हलतं, त्यामुळे आधी खालचं मोजून मग जिना चढून वरचं मोजलं तर त्या दोन आकड्यांना काही अर्थ उरत नाही. बहुतेक नेट मीटरच्या (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजणाऱ्या मीटरच्या) डिस्प्लेवर बटण दाबत गेलं की फेजनिहाय व्होल्टेज दिसतं. मीटरचा नंबर आणि तो आकडा एकाच फोटोत आला पाहिजे.

मग इन्व्हर्टर बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा मीटरवर मोजा. नंतर चालू करून तो पूर्ण पॉवरवर आला की तिसऱ्यांदा. स्वच्छ उन्हाची दुपार निवडा.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या बावीस मजली टॉवरचं उदाहरण घेऊ. वर २० किलोवॅटचा थ्री फेज इन्व्हर्टर, तळमजल्यावर मीटर रूम, मधली केबल ९० मीटर. समजा आकडे असे आले: इन्व्हर्टर बंद असताना मीटरवर २४६, चालू असताना मीटरवर २४९, त्याच वेळी, इन्व्हर्टर सुटण्याआधीच्या क्षणी, गच्चीवर २५५.

हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. २४६ हे तुमच्या सोलरशिवायचं व्होल्टेज आहे, आणि २३० च्या हिशेबाने ते आधीच २४४ च्या वर आहे. २४६ चे २४९ झाले, ते ३ व्होल्ट तुमची वीज महावितरणच्या केबलमधून बाहेर जाताना वाढले. २४९ चे २५५ झाले, ते ६ व्होल्ट मात्र तुमच्याच केबलमध्ये वाढले.

हे ६ व्होल्ट येतात कुठून, तेही तपासता येतं. २० किलोवॅटला फेजमागे सुमारे २९ अँपिअर करंट जातो. १६ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम केबलचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम, म्हणजे ९० मीटरला ०.१७. गुणाकार ५ व्होल्ट. उन्हाने आणि करंटने केबल तापली की तो रोध पंधरा-वीस टक्के वाढतो, म्हणजे ६. हिशेब जुळला, म्हणजे केबल धड आहे, फक्त बारीक आहे. तिच्या जागी ३५ चौरस मिलिमीटरची टाकली तर ६ चे अडीच-पावणेतीन व्होल्ट होतात आणि गच्चीवरचा आकडा २५२ च्या आत येतो. मर्यादेच्या जेमतेम आत. म्हणून केबल बदलली तरी तक्रार सोडायची नाही, आणि तक्रार केली म्हणून केबलचं काम टाळायचं नाही.

हिशेबाने ६ यायला हवेत आणि मोजणीत १२ आले, तर कुठेतरी सांधा सैल आहे किंवा गंजला आहे. वाशी, ऐरोली, नेरूळ अशा खाडीकाठच्या भागांत खारी हवा तांब्या-ॲल्युमिनियमच्या जोडांना लवकर खाते. एसीडीबी (इन्व्हर्टरच्या एसी बाजूची पेटी) उघडून लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली पकड) आणि एमसीबीची टर्मिनलं बघायला लावा. काळवंडलेला लग किंवा पिवळी पडलेली इन्सुलेशन डोळ्यांनाही दिसते.

कोपरखैरणे, नेरूळच्या रो-हाउसमध्ये सिंगल फेज इन्व्हर्टर असतो. तिथे करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. ५ किलोवॅटला २२ अँपिअर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर २५ मीटर: एवढ्यावरही ५ व्होल्ट वाढतात.

न्यूट्रल सुटल्याची खूण

एक फेज २७० च्या पुढे आणि दुसरा १९० च्या आसपास, पण दोन फेजमधलं व्होल्टेज मोजलं तर नेहमीसारखं ४०० ते ४२० च्या दरम्यान. हे न्यूट्रल तुटल्याचं किंवा सैल झाल्याचं लक्षण आहे. घरात काही दिवे प्रखर होतात, काही मंदावतात. इथे आलेख, अर्ज काही नाही. मेन स्विच बंद करा, लिफ्ट थांबवा, शेजाऱ्यांना सांगा आणि लगेच १९१२ या वीज तक्रारीच्या क्रमांकावर फोन करा. फ्रिज, टीव्ही जळतात ते यातच, आणि आगही लागू शकते.

जो शॉर्टकट घेऊ नये

व्हेंडरचा माणूस लॅपटॉप जोडतो, ग्रिड कोड ‘इंडिया’वरून दुसरा काहीतरी करतो किंवा वरची मर्यादा २७० वर नेतो, आणि इन्व्हर्टर बंद पडायचा थांबतो. मला यावर स्पष्ट बोलायचं आहे: हे करू देऊ नका. इन्व्हर्टर चालू राहतो तो व्होल्टेज आणखी वर ढकलत, आणि ते वाढीव व्होल्टेज तुमच्या लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलला, पंपाला आणि खालच्या प्रत्येक फ्लॅटच्या उपकरणांना मिळतं. शिवाय जोडणी केंद्रीय नियमांच्या बाहेर जाते. सेटिंग आधीच बदललेलं आहे का हे व्हेंडरकडून लेखी घ्या आणि सध्याच्या मर्यादांचा फोटो फाइलमध्ये ठेवा.

कायदेशीर उपाय वेगळे आहेत. थ्री फेज जोडणी असेल तर सिंगल फेज इन्व्हर्टर सगळ्यात चढ्या फेजवर तर नाही ना हे बघा. व्होल्ट-व्हार सुविधा चालू करता येते का ते विचारा. त्यात इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी वीज) खेचून व्होल्टेज थोडं खाली ठेवतो. मात्र ज्यांचं बिल केव्हीएएचवर (रिॲक्टिव्ह पॉवरही धरणाऱ्या एककावर) येतं त्यांनी आधी बिलावरचा परिणाम समजून घ्यावा. पाण्याचे पंप सकाळी सहाऐवजी दुपारी एकला चालवणं हा फुकटातला उपाय आहे आणि तो खरोखर उपयोगी पडतो. आपली वीज आपणच वापरली की बाहेर ढकलायला कमी उरते.

पीएम सूर्यघर योजनेतून बसवलेल्या यंत्रणेची पाच वर्षं देखभाल करणं व्हेंडरवर बंधनकारक आहे. केबल-लगची तपासणी त्यात मागून घ्या.

तक्रार कशी लिहायची

आधी सात ते दहा दिवसांच्या नोंदी जमवा. त्यात एक रविवार हवाच, कारण त्या दिवशी परिसराचा वापर वेगळा असतो. मग १९१२ वर किंवा महावितरणच्या ॲपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही टोल फ्री क्रमांक आहेत. पण व्होल्टेजच्या प्रकरणात एवढ्यावर थांबू नका. फोनवरची तक्रार लाइनमनपर्यंत जाते, तो संध्याकाळी येतो, तेव्हा व्होल्टेज २३५ असतं आणि तक्रार बंद होते. शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, प्रत उपविभागाला द्या, आणि दोन्हीकडून सही-शिक्क्याची पोच घ्या. कळवा, मुंब्रा, शीळ भागात वितरणाचं काम टोरंट पॉवरकडे आहे, तिथल्यांनी आधी त्यांच्याकडे जायचं.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवता येईल (त्यातला मिनी पिलर म्हणजे रस्त्याकडेची वितरण पेटी, लोड सर्व्हे म्हणजे मीटरने साठवलेल्या नोंदी आणि टॅप म्हणजे रोहित्रातून बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय):

‘विषय: दुपारच्या वेळी पुरवठ्याच्या जागी जास्त दाब येत असल्याबाबत.
आमचा ग्राहक क्रमांक व नेट मीटर क्रमांक वर दिला आहे. मंजूर सौर क्षमता २० किलोवॅट. सोबतच्या तक्त्यात नेट मीटरवर घेतलेल्या व्होल्टेजच्या नोंदी फोटोंसह जोडल्या आहेत. इन्व्हर्टर बंद ठेवूनही मीटरवर २४६ व्होल्ट मिळतात. आमच्या बाजूच्या केबलची तपासणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतली असून अहवाल सोबत आहे. विनंती आहे की, १) दुपारी १२ ते ३ या वेळेत आमच्या प्रतिनिधीसमोर मीटर, मिनी पिलर आणि रोहित्र या तिन्ही ठिकाणी दाब मोजावा. २) मीटरमधील लोड सर्व्हेचा मागील महिन्याचा डेटा काढून त्याची प्रत द्यावी. ३) रोहित्राचा टॅप, न्यूट्रलचे जोड आणि फेजवरील लोडचे संतुलन तपासावे. ४) आमच्या जोडणीचा घोषित दाब लेखी कळवावा.’

यातली पहिली विनंती सगळ्यात मोलाची. वेळ आणि जागा तुम्हीच लिहून दिलीत की संध्याकाळची मोजणी चालत नाही. दुसरीही सोडू नका. मीटर स्वतः व्होल्टेज साठवत असतो, आणि तो महावितरणचाच मीटर असल्यामुळे त्याच्या आकड्यांवर वाद होत नाही. मिनी पिलर किंवा रोहित्रावर रंगवलेला क्रमांक असेल तर तो बाहेरून टिपून अर्जात टाका, पिलरचं दार मात्र उघडू नका. त्याच रोहित्रावरच्या शेजारच्या सोसायटीलाही हा त्रास असेल तर दोघांनी एकाच आठवड्यात अर्ज द्या. टॅप बदलायचा तर रोहित्र बंद करावं लागतं आणि त्याचा परिणाम सगळ्यांवर होतो, त्यामुळे एकट्याच्या अर्जावर अभियंत्याला तो निर्णय घेणं जड जातं. फीडरच्या टोकाच्या ग्राहकांना रात्री कमी व्होल्टेज मिळणार नाही हेही त्याला बघायचं असतं. ही त्याची खरी अडचण आहे, त्यामुळे चर्चेत ती आपणहून मांडा.

उत्तर आलंच नाही तर

आयोगाच्या नियमांत पुरवठ्याच्या दर्जाच्या तक्रारींसाठी मुदती आहेत, आणि विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये मानकं न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. स्मरणपत्रात या कलमाचा उल्लेख करा. ठाणे शहर आणि वाशी ही महावितरणची मंडळं भांडुप परिमंडळात येतात, पुढचा पत्रव्यवहार आधी मंडळाकडे, मग परिमंडळाकडे असा करायचा. त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. मंचापुढे वकील लागत नाही. पोच, तक्ता, फोटो आणि अलार्मची यादी तारखेनुसार लावलेली असली की काम होतं.

काम झाल्यावर

टॅप बदलला किंवा केबल टाकली की त्याच तीन मोजण्या पुन्हा करा, तशाच दुपारी. नंतर एक संध्याकाळची मोजणीही घ्या, सगळे एसी चालू असताना. टॅप खाली आणल्यावर रात्री आठ-नऊला मीटरवर २१६ च्या खाली जात असेल तर तेही लगेच कळवायला हवं. पावसाळ्यानंतर लग पुन्हा तपासून घ्या. ॲपमधला डेटा दर महिन्याला उतरवून सोसायटीच्या संगणकावर ठेवा, कारण इन्व्हर्टरच्या मेमरीत अलार्म मर्यादितच राहतात. आणि नवी कमिटी येईल तेव्हा कार्यभाराच्या यादीत इन्व्हर्टरचं लॉगिन, ग्रिड सेटिंगचा फोटो आणि पोच लावलेली ही फाइल यांच्या तीन वेगळ्या ओळी टाका.